आधी पट्टी, मग गाणं: नव्यानं गायला लागलेल्यांसाठी बारा आठवड्यांचा क्रम

"पट्टी कोणती?"

"कोणतीही चालेल, काका."

या उत्तरानंतर पुढं काय होणार ते मला भाता हलवायच्या आधीच कळतं.

मी इंदुरात पेटी (हार्मोनियम) वाजवतो. पट्टी म्हणजे गाण्याचा सा पेटीवर कुठून धरायचा ते. मोठ्या मैफिलींत नव्हे. गणपतीत, कोजागिरीला, हळदीकुंकवाला, सोसायटीच्या गच्चीवर. गेल्या गणपतीत रामबागेत एक ताई गायला आल्या. मोबाईलवर शब्द तयार, पट्टी "ओरिजिनलच द्या". मुखडा (ध्रुवपद) सुरेख झाला. अंतऱ्याच्या (कडव्याच्या) दुसऱ्या ओळीला आवाज फाटला, त्यांनी कसनुसं हसून माइक लांब नेला आणि उरलेला अंतरा ओठांतल्या ओठांत संपवला. खाली उतरल्यावर म्हणाल्या, "माझा गळाच नाही हो." गळा उत्तम होता. गाणं त्यांच्यासाठी तीन पट्ट्या वर होतं, एवढंच.

गाणं शिकलेलं नाही, पण चारचौघांत दोन गाणी नीट म्हणता यावीत असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. रोज अर्धा तास आणि बारा आठवडे धरा. कुणाकडं शिकत असाल तर माझं आणि त्यांचं जिथं जुळणार नाही तिथं त्यांचं ऐका.

बहुतेकांचा क्रम असा असतो: गाणं आवडलं, कराओके ट्रॅक उतरवला, पंधरा दिवस त्याच्या मागं धावलो, थेट माइक. पट्टी, श्वास, ठेका यांची आठवण माइकसमोर होते. मग लोक मला भीती घालवायचे उपाय विचारतात. माझ्या अनुभवात ही भीती खोटी नसते. कुठली ओळ दगा देणार ते गाणाऱ्याला आतून ठाऊक असतं. ती ओळ सापडली आणि दुरुस्त झाली की भीती निम्म्यावर येते. म्हणून खालचा क्रम बदलू नका.

## तयारी: बसण्यापूर्वी

सामान थोडंच लागतं. मोबाईलवर तानपुऱ्याचं एक अ‍ॅप, तबल्याचं एक अ‍ॅप, पेटी किंवा पेटीसारख्या पट्ट्या दाखवणारं अ‍ॅप, तारेचे इअरफोन, एक वही, पेन्सिल. इअरफोन तारेचेच घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो, आणि त्याच्याबरोबर गाऊन रेकॉर्ड केलं की तुम्ही सतत ठेक्याच्या मागं पडल्यासारखे ऐकू येता. एका मुलानं दोन महिने स्वतःला बेताल समजून काढले. दोष त्या उशिराचा होता.

जागा: न्हाणीघर नको. तिथं आवाज घुमतो आणि कुणाचाही गळा बरा वाटतो. कपड्यांचं कपाट, गादी, पडदे असलेली खोली बरी. तिथं आवाज कोरडा येतो, पण खरा येतो. पंखा आणि कूलर तेवढा वेळ बंद. मे महिन्यात हे अवघड आहे, म्हणून सकाळ गाठा.

वेळ: उठल्या उठल्या आवाज जड आणि खाली असतो. तासभर जाऊ द्या, चार माणसांशी बोला, मग बसा. पोटभर जेवून गायला बसू नका. आपल्या गावात आणखी एक अडचण आहे: रात्री बारा वाजता सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू, भुट्ट्याचा कीस, वर जिलबी, आणि घरी येऊन लगेच आडवं. पोटातलं आम्ल घशाशी येतं आणि सकाळी आवाज खरखरतो. "आज गळा लागत नाही" याचं कारण पुष्कळदा आदल्या रात्रीत सापडतं. सराफा बंद करा असं म्हणणार नाही, मीही जातो. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तेवढं टाळा.

पाणी दिवसभर थोडं थोडं प्या. ऐन वेळी तांब्याभर पिऊन स्वरतंतू ओले होत नाहीत, कारण पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरयंत्रावरून नाही.

## टप्पा १: आपली पट्टी शोधा (पहिला आठवडा)

या टप्प्याला घाई करू नका. पुढचं सगळं यावर उभं आहे.

पेटीच्या पट्ट्यांची नावं माहीत नसतील त्यांच्यासाठी: सप्तकात बारा पट्ट्या, सात पांढऱ्या आणि पाच काळ्या. शेजारशेजारी दोन काळ्यांची जोडी दिसते; तिच्या लगेच डावीकडची ती पांढरी १. तिथून उजवीकडं क्रम असा: पांढरी १, काळी १, पांढरी २, काळी २, पांढरी ३, पांढरी ४, काळी ३, पांढरी ५, काळी ४, पांढरी ६, काळी ५, पांढरी ७, आणि पुन्हा पांढरी १.

१. सहज गुणगुणता येईल असा कुठलाही स्वर लावा आणि पेटीवर तो शोधा.

२. तिथून एकेक पट्टी खाली या, प्रत्येक स्वर "आ"कारात चार सेकंद. आवाज घोगरा होऊन नुसती हवा येऊ लागली की थांबा. त्याच्या आधीचा, स्पष्ट वाजलेला स्वर वहीत लिहा.

३. त्या स्वरापासून काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून पाच पट्ट्या वर मोजा, सुरुवातीची पट्टी न मोजता. तो तुमचा सा. म्हणजे खालचा स्पष्ट स्वर तुमचा मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम, म्हणजे प, झाला.

उदाहरण: एखाद्या पुरुषाचा खालचा स्पष्ट स्वर पांढरी ५ आला. काळी ४, पांढरी ६, काळी ५, पांढरी ७, पांढरी १. त्याचा सा पांढरी १. एखाद्या बाईंचा खालचा स्वर पांढरी ३ आला, तर पांढरी ४, काळी ३, पांढरी ५, काळी ४, पांढरी ६. त्यांचा सा पांढरी ६.

४. आता वरची बाजू. त्या सा पासून सरळ वर चढत तार (वरच्या) सप्तकातल्या गंधारापर्यंत, म्हणजे ग पर्यंत, सा पासून सोळा पट्ट्या वर जा. हनुवटी वर उचलली गेली, भुवया ताणल्या किंवा आवाज ओरडल्यासारखा झाला, तर सा एक पट्टी खाली घ्या आणि पुन्हा करा.

पुरुषांचा सा साधारण पांढरी ७ ते काळी २ च्या आसपास येतो, बायकांचा पांढरी ४ ते काळी ५ च्या दरम्यान. तुमचा थोडा बाहेर पडला तर बिघडलं काही नाही.

पडताळा: हेच तीन वेगवेगळ्या दिवशी करा. तिन्ही वेळा एकच पट्टी किंवा शेजारची आली तर पक्की समजा. सर्दी असलेला दिवस धरू नका.

सावध: उंच पट्टी म्हणजे चांगला गायक, असं एक खूळ आहे. विशीत मलाही होतं. एका कोजागिरीला मित्र काळी २ मध्ये गायला म्हणून मीही काळी २ घेतली. तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर, आवाज असा चिरकला की दूध आटवणाऱ्या काकूंनी पळी थांबवून माझ्याकडं बघितलं. त्यानंतर मी पेटीकडं वळलो, हेही खरं.

## टप्पा २: सा लावणं (दुसरा ते चौथा आठवडा)

तानपुरा आपल्या पट्टीत सुरू करा. पाठ सरळ, खांदे सैल. पहिले पाच मिनिटं फक्त सा. दहा सेकंदांचा, सुरुवातीपासून शेवटापर्यंत सारख्या जोराचा, "आ"कारात.

नवशिक्यांकडून तीन चुका ठरलेल्या होतात. पहिली, स्वर खालून घसरत वर आणायचा. सिनेमाची गाणी ऐकून ही सवय लागते. सा थेट त्याच्या जागी उतरला पाहिजे. दुसरी, श्वास संपत आला की स्वर खाली सरकतो. दहा सेकंद झेपत नसतील तर सहाच घ्या, पण शेवट जाग्यावर ठेवा. तिसरी, तानपुऱ्याचा आवाज इतका मोठा ठेवायचा की स्वतःचा ऐकूच येत नाही.

स्वर मिळाला की नाही हे कसं ओळखायचं? मिळाला नसेल तेव्हा तुमचा आवाज आणि तानपुरा मिळून एक थरथर ऐकू येते, लाटांसारखी. तुम्ही जवळ येत जाता तशी ती मंदावते, आणि मिळाला की थांबते; आवाज तानपुऱ्यात विरघळल्यासारखा वाटतो. एक कान बोटानं बंद करून पाहा, चटकन कळतं. काट्यानं सूर दाखवणारी अ‍ॅप्स निघाली आहेत. आठवड्यातून एकदा तपासायला ठीक. रोज काट्याकडं बघून गाल तर डोळे तयार होतील, कान राहून जातील.

पडताळा: सा लावा, तानपुरा बंद करा, मध्ये श्वास घेत तीन वेळा सा म्हणा, मग तानपुरा पुन्हा सुरू करा. तुम्ही तिथंच असाल तर पुढं जा. सरकला असाल तर कुठल्या बाजूला, ते वहीत लिहा. बहुतेक जण खाली सरकतात.

हा पडताळा जमला की पंचम, मग तार षड्ज. तिसऱ्या आठवड्यात सा रे ग. इथं लोक लगेच सातही स्वरांचे अलंकार गाडीसारखे पळवू लागतात: सारेग, रेगम, गमप. आठवड्याभरात ते पाठ होतात आणि गळा कान बंद करून चालू लागतो. त्यापेक्षा तीनच स्वर घ्या आणि त्यांचे क्रम बदला. तीन स्वरांचे सहा क्रम होतात:

सा रे ग, सा ग रे, रे सा ग, रे ग सा, ग सा रे, ग रे सा.

चार स्वर घेतले की चोवीस होतात. या पद्धतीला मेरुखंड म्हणतात, आणि इंदुरात वाढलेले ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ साहेब तिच्या रियाझासाठी ओळखले जातात. आपल्याला तेवढ्या खोलात जायचं नाही. पण "रे सा ग" म्हणताना सा वरून थेट ग गाठावा लागतो, आणि कान तिथं जागा होतो. चौथ्या आठवड्यात प आणि ध जोडून भूप रागाचे पाच स्वर पूर्ण करा: सा रे ग प ध. त्यात अर्ध्या अंतराचे स्वर शेजारी येत नाहीत, म्हणून नव्या गळ्याला ते सोपे जातात. यमन रागातला तीव्र मध्यम, म्हणजे चढा म, नंतर.

सावध: हे करताना पेटीवर प्रत्येक स्वर वाजवत गाऊ नका. मी पेटीवाला असून सांगतो. पेटी तुमची चूक झाकते. तुम्ही थोडे खाली असलात तरी ऐकणाऱ्याला पेटीचाच स्वर ऐकू येतो, आणि तुम्हालाही. पेटीवर पहिला सा घ्या, हात काढा, गा, शेवटी पुन्हा वाजवून बघा.

## टप्पा ३: श्वास (दुसऱ्या टप्प्याच्या बरोबरीनं, रोज पाच मिनिटं)

उताणं झोपा, पोटावर एक जाड पुस्तक ठेवा. श्वास घेताना पुस्तक वर जायला हवं, छाती आणि खांदे नाही. तीच हालचाल उभं राहून करा. मग "स्स्स" असा बारीक आवाज काढत श्वास सोडा आणि घड्याळ लावा. पंधरा सेकंदांपासून सुरुवात करा; पंचवीसपर्यंत आलात की या गावातल्या कुठल्याही भावगीताला पुरेसा आहे.

"माझा श्वासच पुरत नाही" म्हणणाऱ्यांना मी देवासकडं बोट दाखवतो. तिथं राहिलेल्या गायक कुमार गंधर्वांचं एक फुफ्फुस क्षयानं निकामी झालं होतं, आणि त्यानंतरची त्यांची गायकी जगानं ऐकली. लहान लहान तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याला जागच्या जागी श्वास. तेव्हा छाती केवढी आहे हा मुद्दा मागं ठेवा आणि श्वास कुठं घेता ते बघा. पुढं गाणं निवडलं की त्याच्या शब्दांवर पेन्सिलीनं श्वासाच्या खुणा करा. शब्दाच्या मध्ये कधीच नाही, विशेषण आणि नामाच्या मध्येही शक्यतो नाही. ठरलेल्या खुणेवर श्वास घ्या, पुरेसा उरला असला तरी.

## टप्पा ४: ठेका (पाचवा आठवडा)

सुरापेक्षा ठेक्यात जास्त माणसं पडतात, आणि त्यांना ते कळतही नाही; तबलजी सांभाळून घेतो.

केहरवा आठ मात्रांचा (मात्रा म्हणजे एक ठोका), दादरा सहा मात्रांचा. सुगम गाण्यांतली बहुतेक या दोन्हींत बसतात. अभंगाला भजनी ठेका. रूपक सात मात्रांचा, तो सध्या लांबच ठेवा. तबल्याचं अ‍ॅप लावा आणि आधी फक्त टाळी द्या, समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, जोरात. मग कुठल्याही ओळखीच्या गाण्याचे शब्द चाल न लावता, बोलल्यासारखे, ठेक्यात म्हणा. घरातले हसतील, हसू द्या. इथंच कळतं की मुखडा समेवर सुरू होतोय की समेच्या आधी दोन मात्रा उचलायचा आहे.

पडताळा: तसंच बोलत अंतरा संपवून मुखड्यावर परत या, मध्ये मोकळी जागा सोडून. सलग पाच वेळा बरोबर जागी उचलता आलं तर ठेका बसला.

## टप्पा ५: गाणं निवडणं आणि बसवणं (सहावा ते नववा आठवडा)

आता गाणं. पाच आठवडे गाण्याशिवाय राहवणार नाही हे मला माहीत आहे; तोपर्यंत स्वयंपाक करताना, गाडीवर हवं ते म्हणा. फक्त "बसवू" नका. चुकीचं बसलेलं गाणं उठवायला दुप्पट वेळ लागतो.

निवडताना गाण्याचा माथा आणि तळ शोधा, म्हणजे सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा स्वर. मुखड्यावरून गाणं निवडणं ही सगळ्यांत मोठी चूक, कारण माथा जवळजवळ नेहमी अंतऱ्यात असतो. माथा तुमच्या तार गंधाराच्या वर जात असेल तर पट्टी उतरवा. उतरवल्यावर तळ घशात अडकत असेल तर ते गाणं सोडा, दुसरं शोधा. उलट, एखादी चाल मंद्र-मध्यातच फिरत असेल तर तुमच्या मध्यमाला (म ला) सा मानून ती वर घ्या, उठावदार लागते.

लता मंगेशकरांचा जन्म इंदूरचा, २८ सप्टेंबर १९२९ चा. त्यामुळं सप्टेंबर आला की इथं प्रत्येक हौशी कार्यक्रमात त्यांची गाणी, आणि तीही त्यांच्याच पट्टीत. त्या पट्ट्या त्यांच्या गळ्याच्या होत्या. रामबागेतल्या त्या ताईंना मी नंतर तेच गाणं तीन पट्ट्या खाली वाजवून दिलं. पहिल्यांदा म्हणाल्या, "हे गाणं वेगळंच वाटतंय." दुसऱ्यांदा अंतरा पूर्ण झाला, आणि त्या काहीच बोलल्या नाहीत, पुन्हा म्हणाल्या.

संथ गाणं सोपं, असंही समजू नका. संथ गाण्यात प्रत्येक स्वर उघडा पडतो आणि श्वास जास्त लागतो. पहिलं गाणं मध्य लयीतलं घ्या.

बसवण्याचा क्रम:

१. तीन दिवस फक्त ऐका. गाऊ नका, गुणगुणूही नका.

२. शब्द हातानं लिहा. छापील किंवा मोबाईलवरचे शब्द पुष्कळदा चुकलेले असतात.

३. अंतऱ्यापासून सुरुवात करा. मुखडा तसाही येतोच. सगळी मेहनत त्यावर जाते आणि अंतरा कच्चा राहतो.

४. एका वेळी एक ओळ, तानपुऱ्यावर, ठेक्याशिवाय. मग ठेक्यासह, मूळ लयीपेक्षा हळू.

५. हरकती आणि मुरक्या, म्हणजे स्वरांची बारीक वळणं, शेवटी. आल्या नाहीत तर सरळ स्वर लावा. सरळ लावलेला स्वर कुणाला खटकत नाही. अर्धवट मुरकी पहिल्या रांगेलाही कळते आणि शेवटच्याही.

उच्चारांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ही खास आपली इंदुरी गोम आहे. दिवसभर हिंदी बोलून आपली जीभ वळते. "काळा"चा "काला" होतो, "ज्ञानेश्वर" म्हणताना "ग्यानेश्वर" येतं, "कृष्ण"चा "क्रिष्ण". बोलताना खपून जातं. दीर्घ स्वरावर ताणलं की पुण्याहून आलेला पाहुणा खुर्चीत चुळबुळ करतो. मराठीत "द्न्यानेश्वर", "क्रुष्ण". "चांदणं"मधला च आणि "चंद्र"मधला च एक नाहीत: पहिल्याला जीभ दातांच्या मागं टेकते, दुसऱ्याला टाळूला. शब्द लिहिलेल्या कागदावर असे सगळे ळ, ज्ञ, च, ज गोल करून ठेवा. हिंदी गाणं घेतलंत तर उलटं: "है"चा "हाय" आणि "ज़िंदगी"चा "झिंदगी" करू नका.

## टप्पा ६: रेकॉर्ड करून ऐकणं (सातव्या आठवड्यापासून, आठवड्यातून दोनदा)

पहिल्यांदा स्वतःचं गाणं ऐकलं की बहुतेक जण फोन बंद करतात. "हा माझा आवाज?" हो, तुमचाच. स्वतःचा आवाज आपण हवेतून आणि कवटीच्या हाडांतून असा दोन्हीकडून ऐकतो. हाडांतून येणारा भाग त्याला भारदस्त करतो. रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो. जगानं तुम्हाला कायम असंच ऐकलंय. चार वेळा ऐकलं की सवय होते.

फोन चार-पाच फुटांवर ठेवा, हातात धरू नका. गायल्यावर लगेच ऐकू नका. दुसऱ्या दिवशी ऐका, शब्दांचा कागद समोर ठेवून, तीनदा. पहिल्यांदा फक्त सूर: जिथं सरकला तिथं बाण, वर की खाली. दुसऱ्यांदा फक्त ठेका: कुठं घाई झाली. तिसऱ्यांदा फक्त शब्द. तिन्ही एकदम ऐकायला गेलं की "ठीक नाही झालं" एवढंच हाती लागतं, आणि त्यावर काही दुरुस्ती करता येत नाही.

माझ्याकडं येणाऱ्या एका निवृत्त बँकवाल्या काकांच्या कागदावर पाच रेकॉर्डिंगनंतर सगळे बाण एकाच ओळीवर जमा झाले होते. ओळीच्या शेवटच्या दोन अक्षरांवर, सगळे खालच्या दिशेचे. कारण श्वासाची खूण एक शब्द उशिरा होती. खूण हलवली, बाण गेले. "मला सूर कळत नाही" हे ते वर्षभर सांगत होते.

सावध: जुनी रेकॉर्डिंग पुसू नका. पुढं "काहीच सुधारणा नाही" असं वाटेल तेव्हा सगळ्यांत पहिलं ऐका.

## टप्पा ७: माणसांसमोर, पायरी पायरीनं (दहावा आणि अकरावा आठवडा)

एकदम दोनशे माणसांसमोर जाऊ नका. पायऱ्या अशा:

- घरातलं एक माणूस, जे तोंडावर खरं सांगतं.
- जेवणानंतर घरातले सगळे, मूल मध्ये रडलं तरी न थांबता.
- भजनी मंडळात कोरसमध्ये. आपल्या वस्त्यांत हे सहज मिळतं आणि लोक त्याचा उपयोगच करत नाहीत. इतरांच्या आवाजात स्वतःचा सूर धरून ठेवायला यापेक्षा चांगली जागा नाही.
- तिथंच एका अभंगाची एक ओळ एकट्यानं.
- आठ-दहा ओळखीची माणसं, पूर्ण गाणं.

ऐकणाऱ्याला "कसं झालं?" विचारू नका. लोक "छान" म्हणतात, आणि त्यातून काही कळत नाही. "कुठला शब्द कळला नाही? कुठं मी घाईत वाटले?" असं विचारा.

धडधड होणारच. तिचा गाण्यावर होणारा सगळ्यांत ठरलेला परिणाम: लय वाढते. म्हणून सरावात ठरलेल्या लयीपेक्षा किंचित हळू सुरुवात करायची सवय लावा. तोंड कोरडं पडलं तर कोमट पाण्याचा एक घोट. हात थरथरतात त्यांनी कागद हातात धरू नये, पांढरा कागद सगळी थरथर शेवटच्या रांगेपर्यंत दाखवतो. स्टँडवर ठेवा, किंवा पाठ करा.

पडताळा: गाण्यात मुद्दाम एक शब्द चुकवा आणि न थांबता पुढं जा. हे घरी तीनदा जमलं नसेल तर अजून माइकपाशी जाऊ नका.

## टप्पा ८: कार्यक्रमाचा दिवस

सकाळी हलका रियाझ, पंधरा मिनिटं. गाणं पूर्ण जोरात एकदाच. दहा वेळा म्हणून गळा दुपारीच संपवलेली माणसं मी दरवर्षी बघतो.

साथीदारांसाठी एक चिठ्ठी लिहा. रामबागेतल्या त्या ताईंनी यंदा संक्रांतीला मला दिलेली चिठ्ठी अशी होती: "पट्टी पांढरी ५. केहरवा, मध्य लय, घाई नको. पेटीवर मुखड्याची एक ओळ, मग मी उचलीन. अंतरे दोन. शेवटी मुखडा दोनदा, दुसऱ्यांदा सावकाश." मला त्यांना एकही प्रश्न विचारावा लागला नाही.

कराओके ट्रॅकवर गाणार असाल तर तो आधीच आपल्या पट्टीत बदलून घ्या आणि बदललेल्यावरच सराव करा. साउंडवाल्याच्या लॅपटॉपवर ऐन वेळी पट्टी बदलण्याच्या भानगडीत पडू नका.

माइक हनुवटीच्या किंचित खाली, ओठांपासून तीन-चार बोटांवर. अगदी समोर धरला तर प, फ, भ वर फटाके वाजतात. वरची जाळी मुठीत धरू नका आणि माइक स्पीकरच्या दिशेला वळवू नका. शिटी त्यानंच वाजते. वरच्या स्वराला थोडा लांब न्या, पण हात सरळ करून टाटा केल्यासारखा नाही. आणि आधी दोन ओळी म्हणून स्वतःचा आवाज ऐकू येतोय का बघा. येत नसेल तर साउंडवाल्याला सांगा. संकोच करून गाणारे ओरडायला लागतात आणि सूर सोडतात. शेजारच्या मांडवात ढोल चालू असेल तर एक कान झाका, कुणी काही म्हणत नाही.

सुरू करण्यापूर्वी पेटीचा सा ऐका, तोंड मिटून हलका लावून बघा, एक श्वास, मग सुरू. "तयारी झाली नाही, सांभाळून घ्या" हे वाक्य म्हणू नका. ज्यांना चूक कळणार नव्हती तेही मग शोधत बसतात. शब्द विसरलात तर सरळ मुखड्यावर या. साथीदार येतात मागोमाग. जीभ चावणं, डोळे मोठे करणं, मान हलवणं टाळा.

## नंतर

त्या रात्री कुणी केलेलं रेकॉर्डिंग मागून घ्या, आणि ते सहाव्या टप्प्यासारखंच, दुसऱ्या दिवशी, कागद घेऊन ऐका.

गळा बसला तर एक-दोन दिवस कमी बोला. कुजबुजत बोलू नका, त्यानंही स्वरतंतूंवर ताण येतो. गाताना दुखत असेल तर तिथंच थांबा. दुखणं हा रियाझाचा भाग नाही. आवाजातला घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर मध, आलं, ज्येष्ठमध बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

आणखी तीन महिन्यांनी पहिला टप्पा पुन्हा करा. रियाझानं खालचा एखादा, वरचा एखादा स्वर मोकळा झालेला असतो. वहीतली जुनी पट्टी खोडू नका, तिच्याखाली तारीख घालून नवी लिहा, आणि पुढच्या वेळी गायला बसाल तेव्हा पेटीवाल्यानं विचारायच्या आधी सांगा.